बाणावर काय लिहिलंय, ते बघा

पत्र असं आहे:

'परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात ऐंशीच्या वर मुलं-मुली. बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले आहेत. अकरावीला एकदम सगळं इंग्रजी. व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात, पण तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की वर्ग गप्प. एका प्रशिक्षणात संकल्पना नकाशांबद्दल ऐकलं, म्हणजे संकल्पना चौकटीत लिहून बाणांनी जोडायच्या. रात्री जागून "पेशी" या विषयाचा मोठा नकाशा कार्डशीटवर काढला, वर्गात लावला, सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगितला. चाचणी घेतली तर पोरांनी नकाशाच पाठ करून आणलेला. सहकारी म्हणतात, 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीत या चित्रकलेला वेळ कुठे आहे? मी हे सोडून द्यावं का? सोडायचं नसेल तर एवढ्या मोठ्या वर्गात करायचं कसं, आणि कोणत्या भाषेत?'

ताई,

सोडू नका. भिंतीवरची ती कार्डशीट मात्र काढून ठेवा.

तो नकाशा काढताना तुम्ही काय काय केलंत ते आठवून बघा. तंतुकणिका आणि हरितलवक शेजारी ठेवावीत की लांब? दोघांत बाण काढला तर त्यावर काय लिहायचं? केंद्रकापासून रायबोसोमपर्यंत कसं यायचं? अशा ठिकाणी तुम्ही अडलात, खोडलंत, पुस्तक उघडून खात्री केलीत, पुन्हा काढलंत. शिकणं त्या खाडाखोडीत होतं, आणि ते तुमचं झालं. लेकरांच्या हाती पडला तो खाडाखोड संपल्यावरचा स्वच्छ कागद. स्वच्छ कागद समोर आला की काय करायचं हे त्यांना पहिलीपासून शिकवलेलं आहे, तेच त्यांनी केलं. या विषयावरच्या पुष्कळ प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ साली एकत्र करून तपासले गेले. त्यातही हेच दिसलं: तयार नकाशा वाचणाऱ्यांनाही थोडाफार फायदा होतो, पण स्वतः काढणाऱ्यांना त्याहून बराच जास्त होतो.

ही पद्धत शिक्षकाने मुलांना काही दाखवावं म्हणून निघालीच नव्हती. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी एका अडचणीत होते. पहिली-दुसरीतल्या मुलांना विज्ञानाच्या संकल्पना कशा कळत जातात हे ते वर्षानुवर्षं मुलाखती घेऊन तपासत होते. मुलाखतींचे गठ्ठे साचले, पण मुलाच्या समजुतीत नेमका काय बदल झाला हे त्या पानांतून हाती लागेना. म्हणून त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटीत लिहिल्या, त्यांच्यामध्ये बाण काढले आणि प्रत्येक बाणावर त्या मुलाने जोडलेला संबंध लिहिला. मुलाच्या डोक्यात काय आहे ते मोठ्यांना दिसावं, हा मूळ हेतू. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम होतो तो शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे याचा. ते आधी शोधा आणि मग शिकवा. नोव्हाक यांचं काम त्याच विचारातून आलं. तेव्हा नकाशा मुलांनी काढायचा आणि तुम्ही वाचायचा, ही दिशा पक्की धरा.

आता नकाशा म्हणजे काय, हे एकदा नीट ठरवून घेऊ. प्रशिक्षणांत याची बरीच सरमिसळ होते. मधोमध एक शब्द आणि चहूबाजूंनी फांद्या, रंगीत पेनं, हे वेगळं. ओघतक्ता वेगळा, त्यात एकामागून एक पायऱ्या येतात. पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असं येतं, तिथे सांगाडा तयार असतो आणि मुलाने रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. आपल्याला हवा आहे तो नकाशा एका प्रश्नाचं उत्तर देतो. सर्वांत व्यापक संकल्पना वर, नेमक्या गोष्टी खाली, आणि कोणतेही दोन चौकोन आणि त्यांच्यातला बाण मिळून एक पूर्ण वाक्य झालं पाहिजे. असं वाक्य की ज्याला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणता येईल. बाण कोरा असेल तर तिथे काहीच सांगितलेलं नाही असं समजा. अकरावीच्या वर्गात मला जे जे शिकायला मिळालं त्यातलं निम्मं अशा बाणांवरच्या शब्दांतून मिळालं आहे.

एक कागद जवळून बघू. वर्गाला सहा शब्द दिले: पेशी, केंद्रक, गुणसूत्र, डीएनए, जनुक, प्रथिन. कोणत्याही वर्गात हमखास येणारा कागद असा असतो: पेशीखाली केंद्रक, त्याखाली गुणसूत्र, त्याखाली डीएनए, त्याखाली जनुक, एका सरळ रेषेत. प्रत्येक बाणावर एकच शब्द, 'असतं'. प्रथिन कोपऱ्यात एकटं पडलेलं, नाहीतर पेशीला चिकटवलेलं, 'पेशीत प्रथिन असतं'. यातलं एकही वाक्य चूक नाही. लेखी परीक्षेत असा कागद काढणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळतील. पण 'असतं' हा शब्द वेगवेगळ्या नात्यांवर पांघरूण घालतो आहे. गुणसूत्र केंद्रकात असतं ते जागेच्या अर्थाने. डीएनए गुणसूत्रात असतो तो घटक म्हणून, कारण गुणसूत्र डीएनए आणि प्रथिनं मिळूनच बनलेलं असतं. जनुक डीएनएत असतो म्हणजे काय? तो डीएनएचाच एक तुकडा आहे, डीएनएमध्ये ठेवलेली वेगळी वस्तू नाही. आणि तो प्रथिन कसं बनवायचं याची माहिती बाळगतो. एवढं कळलं की कोपऱ्यातल्या प्रथिनाकडे दोन बाण जातात, एक गुणसूत्राकडून आणि एक जनुकाकडून, आणि दोन्हींवरची वाक्यं अगदी निराळी.

त्या मुलीला तुम्ही एवढंच म्हणायचं: 'या कागदावर "असतं" हा शब्द एकदाच वापरायची परवानगी आहे. बाकीच्या बाणांवर दुसरं काहीतरी लिही.' मग बघा, पेन थांबतं. ज्या बाणावर थांबतं, तिथेच तिला कळलेलं नाही. तुम्हाला दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं तेही तिथेच कळतं. एखादं हुशार पोरगं विचारतं, सगळ्या पेशींत डीएनए सारखाच तर डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी वेगळी का? किंवा तांबड्या रक्तपेशीचं काय, पूर्ण वाढ झाल्यावर तिच्यात केंद्रकच नसतं ना? हे प्रश्न व्याख्या म्हणवून घेतल्याने कधी निघत नाहीत.

ऐंशी मुलांत हे करायचं कसं? पहिला नकाशा जीवशास्त्राचा नकोच. तुमची बहुतेक मुलं शेतकऱ्यांच्या घरची, तर वावरावर घ्या. पाऊस, माती, पीक, जनावरं, शेणखत, माणूस, सूर्यप्रकाश. सात शब्द फळ्यावर लिहा आणि प्रश्नही लिहा: 'पीक कशावर वाढतं?' प्रश्न हवाच. तुमच्या कार्डशीटची आणखी एक अडचण तीच होती. 'पेशी' हा विषय आहे, प्रश्न नाही, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं याला मोजमाप उरलं नाही आणि पुस्तकातलं सगळंच कागदावर आलं. दोघांत एक पाठकोरा कागद द्या. ऑफिसात जुन्या परिपत्रकांचे, प्रश्नपत्रिकांचे ढीग असतात, ते चालतात. पेन्सिलनेच काढायला सांगा. पंधरा मिनिटं पुरे. वावराबद्दल बोलायला त्यांच्याकडे क्रियापदं भरपूर आहेत: खातं, कुजतं, मुरतं, भिजवतं, पोसतं. बाणावर जिवंत शब्द लिहायचा असतो हे त्यांना इथे न सांगता कळतं.

या पहिल्याच नकाशात एक बाण हमखास मिळेल: माती, पीक, 'अन्न पुरवते'. तो खोडू नका, कागद जपून ठेवा. प्रकाशसंश्लेषणाचा धडा येईल तेव्हा तो बाण फळ्यावर जसाच्या तसा लिहा आणि व्हॅन हेल्माँटचा प्रयोग सांगा. सतराव्या शतकातल्या या माणसाने वजन करून घेतलेल्या सुक्या मातीत विलो जातीचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे ७४ किलोने वाढलं आणि माती घटली ती ६० ग्रॅमपेक्षाही कमी. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापून आलं. झाड पाण्यापासून बनतं असं त्याला वाटलं, तेही अर्धंच खरं होतं. लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हे ऐकून मुलं मनापासून चकित होतात, कारण लहानपणापासून खताची पोती उचलताना पाहिलेली असतात. मग त्यांनाच तो बाण दुरुस्त करू द्या: माती पिकाला पाणी आणि खनिजं पुरवते, अन्न पीक स्वतः तयार करतं. जुलैमधला चुकीचा बाण आणि नंतरचा दुरुस्त बाण, दोन्ही एकाच कागदावर राहू द्या.

दुसऱ्या वेळेपासून जीवशास्त्राचे शब्द घ्या. सुरुवातीला सहा ते आठ, सरावाने बारापर्यंत. त्याहून जास्त शब्दांचा नकाशा एका तासात होत नाही आणि झाला तर वाचवत नाही. पुस्तक आणि वही बंद. ही अट ढिली करू नका, तिचं कारण पुढे सांगते. धडा शिकवून झाल्यावर लगेच न घेता दोन-तीन दिवस मध्ये जाऊ द्या. जोडीतली दोन्ही मुलं बोलली पाहिजेत, म्हणून एकाने चौकोन मांडायचे आणि दुसऱ्याने बाणावर लिहायचं, पुढच्या वेळी अदलाबदल. मुली-मुलींच्या जोड्या असतात तिथे हे सुरळीत चालतं. मुलांत एक जण लिहितो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो, तेवढं फिरून पाहावं लागतं.

तपासण्याची धास्ती घेऊ नका. चाळीस-पंचेचाळीस कागद होतील. स्टाफरूममध्ये बसून नुसते चाळा, लाल पेन हातात घेऊच नका. फक्त एक शोधा: कोणता चुकीचा बाण सगळ्यात जास्त कागदांवर आहे? दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना तेवढं एक वाक्य नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि विचारा, 'हे खरं आहे का?' हात वर करायला लावा, दोन्ही बाजूंना बोलू द्या. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांच्यावर घ्याल तेव्हा तुम्हाला 'झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण करतं आणि रात्री श्वसन करतं' हे वाक्य ढिगाने मिळेल. त्यावर पाच मिनिटं वाद झाला की झाड चोवीस तास श्वसन करतं, दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ते लक्षात येत नाही, हे पुन्हा शिकवावं लागत नाही. सगळ्या कागदांवरच्या सगळ्या चुका दुरुस्त करायला गेलात तर दोन आठवड्यांत तुम्हीच हे बंद कराल.

आता ज्या नकाशासाठी मी तुम्हाला खास आग्रह करणार आहे त्याबद्दल. श्रावणात तुमच्या भागात सोयाबीन फुलोऱ्यात किंवा शेंगा धरायच्या बेतात असतं. चार मुलांना घरच्या वावरातून एकेक झाड आणायला सांगा. उपटू नका म्हणावं. उपटलं की बारीक मुळं तुटतात आणि हव्या त्या गाठी मातीतच राहतात. खुरप्याने भोवतालची माती मोकळी करून ढेकळासकट काढायचं आणि बादलीत हलक्या हाताने धुवायचं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ ब्लेडने मधोमध कापा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर करत नाही.

प्रश्न द्या: 'सोयाबीनच्या दाण्यातलं नत्र आलं कुठून?' शब्द द्या: हवेतलं नत्र, जिवाणू, गाठ, नायट्रोजिनेज, लेगहिमोग्लोबिन, ऑक्सिजन, एटीपी, शर्करा, पान, अमोनिया, प्रथिन. अकरा शब्द, त्यामुळे हा नकाशा दुसऱ्या सत्राचाच. झाडं श्रावणात आणून, गाठी बघून, चित्रं काढून ठेवा आणि वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकवून झाल्यावर नकाशा घ्या.

काय होतं बघा. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायचं काम जिवाणूतलं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) करतं. ते काम फार खर्चिक, नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, १६ रेणू लागतात. एटीपी मिळतात श्वसनातून, म्हणून शर्करा हवी आणि ऑक्सिजनही हवा. शर्करा पानात बनून रसवाहिन्यांतून खाली येते. पण ऑक्सिजन मोकळा सुटला की नायट्रोजिनेज निकामी होतं. ज्या ऑक्सिजनवाचून जिवाणू जगत नाही त्यानेच त्याचं विकर बिघडतं. इथे मुलं अडतात आणि अडू द्यावीत. उत्तर त्या कापलेल्या गाठीच्या लाल रंगात आहे. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूच्या श्वसनाला लागेल तेवढाच पुरवतं. मग कोणीतरी म्हणतंच, 'मॅडम, हिमोग्लोबिन तर रक्तात असतं.' हो, दोन्ही एकाच कुळातली प्रथिनं आहेत, दोन्ही लोहाच्या आधाराने ऑक्सिजन धरतात, म्हणून दोन्हींचा रंग लाल. वनस्पतींच्या धड्यातून मानवी रक्ताभिसरणाच्या धड्यात एक बाण गेला. नकाशाच्या दोन लांबच्या भागांना जोडणाऱ्या अशा बाणाला आडवा दुवा म्हणतात. नोव्हाक आणि त्यांचे सहकारी गोविन यांनी १९८४ मध्ये नकाशांना गुण देण्याची एक रीत सुचवली, तीत साध्या बरोबर दुव्याला १ गुण आणि महत्त्वाच्या आडव्या दुव्याला १० गुण होते. यावरून त्यांनी कशाची किंमत केली ते दिसतं.

या एका नकाशात प्रकाशसंश्लेषण, वहन, श्वसन, विकरं आणि खनिज पोषण असे पाच विषय एकत्र येतात, आणि शेवटी मुलं घरी जाऊन विचारतात की हरभऱ्याचा बेवड, म्हणजे हरभऱ्यानंतर दुसरं पीक घेणं, चांगला का मानतात. पेरणीच्या वेळी बियाण्याला रायझोबियम या गाठींतल्या जिवाणूंचं संवर्धक का चोळतात, हे आईवडिलांना सांगण्याइतकं त्यांच्याकडे असतं. माझ्या मते अकरावीच्या जीवशास्त्राचा तास असा झाला पाहिजे.

भाषेचं विचारलंत, ते फार महत्त्वाचं आहे. चौकोनात इंग्रजी संज्ञा लिहू द्या, कारण पुस्तक आणि परीक्षा त्याच भाषेत आहेत: क्लोरोप्लास्ट, न्यूक्लिअस, एन्झाइम. बाणावर मराठी. विचार करायची भाषा बाणावर हवी. इंग्रजीत लिहायला लावलंत तर मुलं त्यांना येणारे दोनच शब्द सगळीकडे लिहितील, 'इज' आणि 'हॅज', आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

मात्र मराठीत एक अडचण येते, ती पहिल्याच दिवशी सोडवून टाका. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. पहिला चौकोन, बाण, दुसरा चौकोन असं वाचलं की 'क्लोरोप्लास्ट, तयार करतं, ग्लुकोज' असं तुटक ऐकू येतं आणि मुलं गोंधळून बाणावर नुसतं 'ने' किंवा 'पासून' लिहितात. नियम असा घाला: आधी बाण जिथून निघतो तो चौकोन वाचायचा, मग बाणाच्या टोकाचा चौकोन, आणि बाणावरचे शब्द सगळ्यात शेवटी. 'क्लोरोप्लास्ट ग्लुकोज तयार करतं.' वाचताना चौकोनातल्या शब्दाला प्रत्यय लावायची मोकळीक द्या. 'सेल वॉल सेल्युलोजपासून बनते.' प्रत्येक बाण असा मोठ्याने वाचून घेतला की निम्म्या चुका मुलांच्या स्वतःच्याच कानाला खटकतात.

दिवाळीनंतर तेच नकाशे पुन्हा काढा आणि बाण इंग्रजीत करायला लावा. तेव्हा पाच-सहा क्रियापदं शिकवावी लागतील: कन्टेन्स, इज मेड ऑफ, प्रोड्यूसेस, रिक्वायर्स, कंट्रोल्स, कन्व्हर्ट्स इन्टू. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे ही अवघड जात नाहीत, आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजीत वाक्य लिहिण्याची भीती कमी होते.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कार्पिकी आणि ब्लंट यांनी केलेला एक प्रयोग २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. उतारा समोर ठेवून संकल्पना नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढणारे विद्यार्थी आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत सरस ठरले. नकाशांच्या बाजूच्या लोकांना हे पचायला जड गेलं. पण त्याच दोघांनी २०१४ मध्ये उतारा न बघता नकाशे काढायला लावले, तेव्हा नकाशा आणि आठवून लिहिणं सारखंच उपयोगी ठरलं. पुस्तक बंदची अट मी धरून बसले ती यासाठी. पुस्तक उघडं ठेवलंत तर नकाशा काढणं म्हणजे उतरवून घेणं होतं. बंद ठेवलंत तर ती आपोआप उजळणीही होते, आणि मग 'वेळ कुठे आहे' हा प्रश्न उरत नाही, कारण उजळणीला वेळ तुम्ही देताच.

नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. त्यातले विधान आणि कारण या प्रकारचे प्रश्न सहकाऱ्यांना दाखवा. विधान: मुळांवरच्या गाठींत लेगहिमोग्लोबिन असतं. कारण: नायट्रोजिनेज ऑक्सिजनला संवेदनशील असतं. दोन्ही वाक्यं पाठ असलेलं मूल इथेही अडकतं, कारण विचारलंय ते या दोन वाक्यांमधल्या 'म्हणून'बद्दल. व्याख्या येणारी पण फिरवलेला प्रश्न आला की गप्प होणारी तुमची मुलं नेमकी इथे गुण घालवतात. लातूर पॅटर्नचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्याची शिस्त आणि सराव परीक्षांचा रेटा चालू राहू द्या. पंधरवड्यातून एक तास नकाशाला दिल्याने त्याला धक्का लागत नाही.

प्रत्येक धड्याला नकाशा काढू नका, हेही सांगून ठेवते. प्राणिसृष्टीचे संघ, फुलांची सूत्रं, शास्त्रीय नावं यांना तक्ता आणि उजळणीच लागते. सूत्री विभाजनाच्या अवस्था ओघतक्त्यातच चांगल्या बसतात, आणि हृदयाची आकृती काढूनच शिकावी. जिथे 'का' आणि 'कशामुळे' आहे तिथे नकाशा: पेशी, विकरं, श्वसन, प्रकाशसंश्लेषण, संप्रेरकं, परिसंस्था.

गुण देऊ नका. नोव्हाक-गोविन यांची रीत तुमच्या नजरेसाठी ठेवा, मुलांना सांगू नका. गुण लागले की स्केचपेनं येतात, चौकोनांना किनारी येतात, आणि हुशार मुलीचा कागद फोटो काढून सगळ्या ग्रुपवर फिरतो. तुम्ही पुन्हा कार्डशीटपाशी येता. सुबक नकाशाचं वर्गात कौतुकही करू नका. कौतुक करायचं ते कोणी न लिहिलेल्या बाणाचं.

संगणकावर काढायचं असेल तर सीमॅपटूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेने खास संकल्पना नकाशांसाठी बनवलेलं. स्वतःच्या तयारीसाठी हवं तर बघा. मुलांना कागद आणि खोडरबरच बरं, कारण खोडल्याच्या खुणा कागदावर राहतात आणि त्या तुम्हाला वाचायच्या आहेत.

गाठींचा नकाशा वर्गात झाला की तीन-चार कागदांचे फोटो नावं झाकून पाठवा. चुकलेले पाठवा. कोणता बाण कुठे अडला ते बघून पुढच्या धड्याला कोणते शब्द द्यायचे हे ठरवू.